बाई, तासभर इयत्ता विसरा

पत्र :

"बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर मी आहे. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे, पट 27. निम्म्याहून जास्त मुलं तांड्यावरची. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. चौथीतल्या सहा जणांना जोडाक्षर सोडाच, साधा शब्द वाचता येत नाही. शिक्षकांच्या दर शिक्षण परिषदेत नवा उपक्रम मिळतो. मुलानं स्वतः करून शिकायचं तो ज्ञानरचनावाद झाला, आनंददायी शनिवार चालू आहे, आता खेळण्यांतून शिक्षण. मी सगळं मनापासून करते. अक्षरं-अंक शिकवायला वर्गाची फरशी आखून घेतली, भिंती रंगवल्या, रोज ग्रुपवर फोटो टाकते. पण आमचे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात, 'बाई, पोरं नुसती खेळतात, वह्या कोऱ्या.' दोन पालकांनी मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत घातली. एक मुलगी कारखान्यावरून आल्यापासून बोलतच नाही. एक मुलगा वहीची पानं फाडतो. गणितात 25 सांगितलं की निम्मा वर्ग 52 लिहितो. नेमकी कोणती पद्धत धरू? मुलांना आनंदी ठेवू की शिकवू? आणि ग्रामपंचायत स्मार्ट टीव्ही देतेय, घेऊ का?"

उत्तर :

बाई, तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण 'आनंदी ठेवू की शिकवू' हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. त्याच्यापासूनच सुरुवात करते.

चौथीतली ती सहा मुलं डोळ्यांसमोर आणा. सकाळी परिपाठाला उभी राहतात, प्रार्थना म्हणतात, मग पुस्तक उघडून बसतात आणि शाळा सुटेपर्यंत त्या पुस्तकातलं त्यांना काही कळत नाही. शेजारचा वाचतो, आपल्याला येत नाही, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. असं रोज. शनिवारी तासभर संगीतखुर्ची खेळून हे कसं भरून निघणार? त्या सहा जणांचं सुख कशात असेल तर चार ओळी अडखळत का होईना, पण स्वतःच्या स्वतः वाचता येण्यात. म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही. उलट बाजूनंही तेच आहे. भ्यालेलं मूल वाचायला शिकत नाही, ते फक्त मान खाली घालून आपला नंबर टळण्याची वाट बघतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 17 ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली, ती उगाच नाही. चारचौघांत 'चौथीत आलास आणि अजून हेही येत नाही?' असं म्हणणं मी त्यातच धरते. तुम्ही म्हणत नसाल, पण वर्गातली मुलं एकमेकांना म्हणतात. तेही थांबवायला लागतं.

आता पद्धत. परिषदेत मिळालेले सगळे उपक्रम आठवडाभर कपाटात ठेवा आणि आधी एक काम करा. कडुनिंबाखाली, वऱ्हांड्यात, कुठंही बाकीच्यांच्या कानाआड बसून 27 पैकी प्रत्येक मुलाचं वाचन एकेकटं ऐका. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे बघणारी 'असर'ची पाहणी गावोगाव ज्या साधनानं होते, ते एका कागदावर मावतं: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. तो जमला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्दांवर या, तेही नाही तर अक्षरांवर. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. मूल चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, 'हं, पुढं' एवढंच म्हणा. अडखळत वाचतंय की वाक्य म्हणून वाचतंय, याकडे कान ठेवा. एका वहीत नावापुढं खूण करा.

दोन-तीन दिवसांत तुमच्या हातात असा तक्ता येईल की तो बघून कदाचित तुम्हीच चकित व्हाल. तिसरीतली काही मुलं चौथीतल्यांच्या पुढं निघतील. नेमक्या यासाठीच म्हणते, रोज एक तास इयत्ता विसरा. त्या तासाला मुलं तिसरी-चौथीची म्हणून बसणार नाहीत, ज्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढं जाण्यासाठी बसतील.

ही कल्पना माझी नाही. 'प्रथम' ही संस्था 1995 मध्ये मुंबईत सुरू झाली. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत त्यांनी 'बालसखी' नेमल्या, म्हणजे त्याच वस्तीतल्या शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीत मागं पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन त्या मुळापासून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचं नीट मोजमाप केलं, आणि ज्यांना सगळ्यांत कमी येत होतं त्यांचाच सर्वांत जास्त फायदा झाल्याचं दिसलं. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्याबरोबर या दोघांना मिळालं, त्यामागं अशीच कामं होती. मला मात्र पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हेच सरकारी शिक्षकांकडून करून घ्यायचं ठरलं तेव्हा बिहार आणि उत्तराखंडात नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, त्यानं फारसं काही हललं नाही. प्रशिक्षणाहून आलेले शिक्षक पुन्हा पाठ पुरा करण्याच्या मागं लागले. हरियाणात दिवसातला एक तास राखून ठेवला, त्या वेळेत मुलं इयत्ता सोडून गटांत बसवली, वरून येणाऱ्यांनीही तेच विचारलं, तेव्हा भाषेत फरक पडला. म्हणून तास राखा आणि तो मोडू देऊ नका. वरून मागितलेल्या माहितीची ऑनलाइन लिंक भरायची असेल तर ती मधल्या सुट्टीनंतर.

तुमच्या सहकारी गुरुजींनाही यात घ्या. दुसरीतली वाचती मुलं त्या तासाला तुमच्याकडे येऊ देत आणि अक्षरांत अडकलेली तुमची मुलं त्यांच्याकडे. फक्त चौथीचा मुलगा 'पहिलीत बसवलाय' असं दिसता कामा नये. गट वऱ्हांड्यात बसवा, झाडाखाली बसवा, पण पहिलीच्या वर्गात नको. गटांना फुलांची नावं द्या, नद्यांची द्या, 'हुशार गट कुठला' हे मुलं अर्ध्या दिवसात ओळखतातच. त्यावर उपाय एकच, गट सतत बदलत राहिले पाहिजेत. दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा वाचून घ्या आणि पुढं गेलेल्याला पुढच्या गटात पाठवा.

त्या तासात काय करायचं? थोडं बोलणं, थोडं वाचणं, एखादा शब्दांचा खेळ आणि शेवटी लिहिणं, रोज याच क्रमानं. तुम्ही बोट ठेवून परिच्छेद वाचायचा, मुलांनी पाठोपाठ, मग एकेकानं. अक्षर-शब्दांच्या गटाला बाराखडीचा तक्ता समोर ठेवून 'तुझं नाव यात कुठं कुठं सापडतं?' असं शोधायला लावा. क पासून ज्ञ पर्यंत ओळीनं घोकून घेत बसू नका. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेनं कित्येक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की मोजकी अक्षरं आणि सोबतच काना-वेलांटी असे गट केले, तर मूल पहिल्या काही दिवसांतच अर्थाचे शब्द वाचू लागतं. तुमच्या चौथीच्या सहा जणांकडे वेळ थोडा आहे. 'ज्ञ' यायची वाट त्यांना बघायला लावू नका.

आता त्या न बोलणाऱ्या मुलीकडे येते.

तिला बोलतं करण्याच्या मागं लागू नका. वर्गात उभं करू नका, 'बाळा, काय झालं?' असं सगळ्यांसमोर तर विचारूच नका. तिला रोज करायचं एखादं ठरलेलं काम द्या: पुस्तकं मांडणं, झाडांना पाणी घालणं, हजेरीची पाटी लिहिणं. कामाच्या निमित्तानं ती तुमच्याजवळ येईल. मग कधीतरी एकटी असताना कागद घेऊन बसा आणि म्हणा, 'तू सांग, मी लिहिते.' एकच वाक्य आलं तरी पुरे. समजा ती म्हणाली, 'कोपीवर पाणी आलं. बैल भिजला. याडीनं बाटी केली नाही.' (कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी.) जसं सांगेल तसं, मोठ्या अक्षरात लिहा. 'याडी'चं 'आई' आणि 'बाटी'ची 'भाकरी' लगेच करू नका. मग तिला तेच वाचायला द्या. स्वतःच्या तोंडचं वाक्य असल्यामुळं पुढचा शब्द काय येणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून ते वाचता येतं. दहाबारा दिवसांनी शेजारी पुस्तकातल्या मराठीत तेच वाक्य लिहा आणि दोन्ही वाचून घ्या. दोरा ओवून अशा कागदांची वही झाली की ते तिचं पहिलं पुस्तक. तांड्यावरच्या बाकी मुलांसाठीही हे करता येईल. मोळी, वाढे, पाचट, टायरगाडी, मुकादम, उचल हे शब्द या मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळतात, आणि पाठ्यपुस्तकात ते शोधून सापडणार नाहीत.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं सांगते. कारखान्यावर मुली दिवसभर कोपीत एकट्या असतात. मुलीचं गप्प राहणं निवळत नसेल, ती जेवत नसेल, स्पर्शाला दचकत असेल, तर तिच्या आईशी किंवा आजीशी एकांतात बोला. काही वाईट घडल्याची शंका आली तर ती स्वतःशी ठेवू नका आणि गावात कुणाजवळ बोलू नका. 1098 वर फोन करा किंवा पोलिसांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं ते तुमच्यावर बंधनकारकच आहे.

पानं फाडणारा मुलगा. तो कधी फाडतो ते चार दिवस टिपून ठेवा. माझा अंदाज, फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितल्यावर किंवा चूक झाल्यावर. तसं असेल तर त्याला वही देऊच नका, पाटी द्या. पाटीवर चुकलेलं पुसून टाकता येतं, कुणाला दिसत नाही. आपल्याकडे पाट्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर चुकण्याची मोकळीकही गेली असं मला पुष्कळदा वाटतं. आणि त्याचे डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्याला सगळ्यांत आधी पुढं करा. फळाच दिसत नाही म्हणून 'वांड' ठरलेली मुलं कमी नाहीत.

25 चं 52 होतं, त्यात मुलांची चूक कमी आणि आपल्या संख्यानामांची जास्त. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र उलटं. मूल ऐकलं तसं लिहितं. 'एकोणतीस'ला तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे 29. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात रूढ नावांसोबत 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली, त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलाला सोपं जावं म्हणून जोडीला दुसरी रीत दिली आहे. विनोद करणाऱ्यांनी विनोद केले. मी नारळीकरांच्या बाजूची आहे. तुम्ही खुशाल 'वीस पाच, म्हणजे पंचवीस' असं दोन्ही म्हणून घ्या. हाताशी शंभर मण्यांची गणितमाळ ठेवा, दहा-दहा मणी आलटून पालटून दोन रंगांचे. मुलानं वीस मणी सरकवून वर पाच मोजले की 52 लिहायला त्याचा हातच धजत नाही. माळ शाळेच्या गणित पेटीत नसेल तर बाजारातून मणी आणून मुलांकडूनच ओवून घ्या, ओवतानाही मोजणं होतंच.

फरशी आखली ते वाया गेलं असं समजू नका, पण त्यानं भागणारही नव्हतं. ज्ञानरचनावादी शिकवण्यासाठी गाजलेल्या, सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक लोटले. 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि मग तर गावोगाव फरश्या रंगल्या. फरशी रंगवणं सोपं, तिचा फोटोही छान येतो, म्हणून तेवढंच पसरलं. कोणत्या मुलाला नेमकं काय येत नाही हे शिक्षकाला तोंडपाठ असणं आणि मुलानं साहित्य हातात घेऊन स्वतः करून बघणं, हा कामाचा गाभा होता, तो फोटोत येत नाही. आनंददायी शनिवारचंही तसंच. तो पाळाच, पण त्या दिवशी नवीन काही शोधत बसण्यापेक्षा गोष्टीची पुस्तकं सतरंजीवर पसरून ठेवा आणि मुलांना लोळत, टेकत, हवी तशी बघू द्या. कुणाला प्रश्न विचारू नका. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटलांनी 1985 पासून जे आनंदशिक्षण रुजवलं, ते शनिवारपुरतं कधीच नव्हतं, रोजच्या भाषेच्या, गणिताच्या तासालाच तसा रंग होता.

अध्यक्षांवर रागावू नका. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. घरी पालकाला दिसते ती वहीच. तुमचं वर्गात काय चाललंय ते त्यांनी कुठून बघावं? तेव्हा रोज चार ओळी, मुलाच्या स्वतःच्या मनातल्या, तारीख घालून वहीत आल्याच पाहिजेत. फळ्यावरून उतरवलेल्या नकोत. शुद्धलेखनाच्या लाल खुणांनी पान भरू नका, एका वेळी एकच चूक दाखवा. आणि अध्यक्षांनाच कामाला लावा. तुमची ती अक्षर-शब्द-परिच्छेदाची चाचणी पाच मुलांची त्यांना घेऊ द्या, बसकरपट्टीवर बसून, स्वतःच्या कानांनी. दसऱ्याच्या आधी त्याच पाच मुलांची पुन्हा घेऊ द्या. त्यानंतर 'नुसती खेळतात' असं ते म्हणतील असं मला वाटत नाही, आणि म्हणालेच तर निदान बघून म्हणतील. केंद्रप्रमुखांसमोरही फोटोंऐवजी दोन तारखांचा तक्ता ठेवा. माता पालक गटाची बैठक असेल त्या दिवशी भाषणं बंद. प्रत्येक मुलानं आपल्या आईला एक ओळ वाचून दाखवायची, तिला वाचता येत नसेल तरी. इंग्रजी शाळेच्या गाडीत गेलेल्या दोघांची चिंता सध्या सोडा.

तुमच्याकडे वेळ मात्र कमी आहे. दिवाळीनंतर तांडा हलेल, म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने. ज्यांच्या घरी आजी-आजोबा मागं राहतात त्यांच्या नावांची यादी आत्ताच करा आणि अशा मागं राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या सहीनं वेळेत पाठवा. दिवाळीनंतर पाठवलेल्या प्रस्तावाचा त्या हंगामात उपयोग होत नाही. जी मुलं जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येईल, आणि त्या कार्डावर मूल वाचनाच्या कोणत्या पातळीवर आहे तेही स्वच्छ अक्षरात लिहा. नाहीतर तिथले गुरुजी पुन्हा 'अ'पासून सुरू करतात. सोबत त्याची ती स्वतःच्या वाक्यांची वही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला काम करत होत्या तेव्हा गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात. त्यांनी मुलांना दूषण दिलं नाही, शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. तुम्हाला कारखान्यावर जाता येणार नाही, पण मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा. आठवड्यातून एकदा फोनवर 'काय वाचलंस ते ऐकव' एवढं म्हटलं तरी ते मूल पट्टा पडल्यावर तुमच्याच वर्गात परत येण्याची शक्यता वाढते.

टीव्ही घ्या. नाही म्हटलं तर तो पैसा दुसरीकडे कुठं तरी खर्च होईल, शाळेत यायचा नाही. पण ग्रामपंचायतीला ठरावातच लिहायला लावा की सोबत इन्व्हर्टर आणि गोष्टीच्या पुस्तकांचा एक संच हवा. वीज नसलेल्या दुपारी मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत. पुस्तकं निवडायला स्वतः जा. मोठा टाइप, पानावर दोन-चार ओळी आणि चित्रात आपल्यासारखी माणसं, एवढं बघून घ्या. आणि ती कपाटात कुलूप लावून ठेवू नका. फाटतील, फाटू द्या.